नत्थूजीचा फेटा

आमचा शेजारी नत्थूजी, रोहण्याचा. अंगानं दांडगा, मनानं मोकळा. पण साडूचं नाव निघालं की घास गळ्यात अडकायचा. साडू म्हणजे नाचणगावचे वासुदेवराव, पुलगावला कचेरीत कारकून. दोघांची सासुरवाडी डोंगरावर, गोंडमाळ नावाच्या आडगावात. तिथं पडका गोंडी किल्ला. पोळ्याला बैल किल्ल्याच्या दरवाज्यातून काढायचे अन् पहिल्या जोडीचा कासरा थोरल्या जावयाच्या हाती, डोक्याला मानाचा फेटा. थोरला नत्थूजीच. पण आपला पोळा सोडून हा जायचा नाही, म्हणून मान धाकट्याला. बायको जयवंता माहेराहून आली की फेटा वासुदेवरावांना कसा शोभला ते सांगायची, अन् हा ताटावरून उठायचा.

"ज्याच्या घरी बैल नाई, तो बैल मिरवून राह्यला," म्हणायचा.

सत्तावन्नच्या पोळ्याला पठ्ठ्या निघालाच, तोही स्वतःची जोडी घेऊन. सासऱ्याचे बैल कशाला, आपलेच काढू. आता काळ्या मातीतले बैल ते, त्यांना नाल कशाचे? घाट सारा दगडांचा. वर पोचेस्तोवर खुरं सोलली आणि ऐन दरवाज्यापुढं जोडी बसली ती उठेचना. सासऱ्याच्या जोडीचा कासरा वासुदेवरावांच्या हाती होता. त्यांनी पुढं केला.

"घ्या भाऊजी, थोरले तुम्ही."

"तुह्या हातून? मले नाई पायजे."

झालं, फेटा पुन्हा तिकडंच. सारे पाहुणे किल्ला बघत हिंडले; हा बैलांच्या खुरांना तेल-हळद लावत बसला. परतल्यावर आम्ही विचारलं, किल्ला कसा आहे? म्हणे, दगडं हायेत.

पुढच्या साली त्यानं आधीच नाल ठोकून घेतले. वखराच्या बैलांना नाल पाहून गाव हसलं. हसो. त्याची जोडी दरवाज्यातून पहिली निघाली, सासऱ्यानं हातानं फेटा बांधला. पण नत्थूजीचं तोंड उतरलेलंच. वासुदेवरावांना रजा मिळाली नव्हती. ते आलेच नव्हते.

मग काय, घरी न येता हा फेट्यासकट थेट नाचणगावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन धपकन बसला.

"दाखवला का फेटा?" मी विचारलं.

"दाखवला. लई शोभता म्हणे, भाऊजी. चहा पाजला." फेटा काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "जरासाही जळला नाई लेकाचा."