लाल खणातलं हिरवं काडतूस

शारजाला लोक सोनं घ्यायला जातात. बाबा आणि मी एक पिस्तूल बघायला गेलो, तेही जूनमध्ये. तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर गाठा. आम्हाला थांबता येत नव्हतं. मिरजेत शहाऐंशीची आत्या अंथरुणाला खिळली होती आणि हा हट्ट तिचा होता. आता ती नाही, म्हणून लिहिते आहे.

आजोबा, म्हणजे बाबांचे आणि आत्याचे अण्णा, महायुद्धात शारजाच्या धावपट्टीवर विमानांत दारूगोळा भरायचे. रंगीत बार उडवायला विमानात एक जाड नळीचं पिस्तूल असे. हिरवा बार म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे आत जखमी आहे, अँब्युलन्स आणा. एका रात्री उतरणाऱ्या विमानातून हिरवा उडाला. अँब्युलन्स हललीच नाही आणि आतला पोरगा रक्त जाऊन मेला. अंधारात हातानं ओळखू यावं म्हणून लाल काडतुसाच्या कडेला खाचा असत, तरी लालच्या खणात हिरवं आजोबांनी ठेवलं होतं. "अंधारात भरलं. हाताला घट्टे होते, कडेच्या खाचा लागल्याच नाहीत," असं ते शेवटपर्यंत सांगत. घट्ट्यांच्या हाताला त्या खरंच लागत नाहीत का, एवढंच आत्याला हवं होतं.

विमानतळावरून अल मजाजला टॅक्सीनं चाळीस दिरहम झाले, म्हणजे हजारेक रुपये. उतरलो चुलतबहीण माधुरीकडे. तिच्या खिडकीतून खाडीचं पाणी छान दिसतं, पण बाबा त्याकडे पाठ करून बसले होते.

"काका, यल्ला, चला! अकराची अपॉइंटमेंट आहे," सकाळी माधुरी गाडीची किल्ली घेऊन उभी. गावाबाहेर एका निवृत्त वैमानिकाचा खाजगी संग्रह आहे. तिकीट नाही, फोन करून जावं लागतं. एसी इतका की शाल न्याच.

तिथले बशीरभाई केरळचे. त्यांनी पिस्तूल दाखवलं, मग दारू काढलेली दोन पितळी काडतुसं टेबलावर ठेवली. "अंकल, आँख बंद करके देखिए. लाल की किनारी पर पूरे दाँते हैं, हरी सपाट."

"हाथ में घट्टे हों तो?" बाबांनी विचारलं.

"आप ही बताइए."

बाबांनी चाळीस वर्षं लेथ चालवली आहे. त्यांची बोटं गरम तवा सहज उचलतात. त्यांनी डोळे मिटले. बशीरभाई काडतुसं अदलाबदल करून देत राहिले. लाल. हिरवं. हिरवं. लाल. सहा वेळा दिली, सहाही वेळा बरोबर.

मला रडू येत होतं. "पण ज्यानं उडवलं त्यालाही कळायला हवं होतं ना?"

"त्याच्या हातात मोजे असणार," बाबा म्हणाले. "अण्णांनी हात फिरवलाच नसेल. घाईत असतील."

परतताना माधुरीनं थाळी खायला नेलं. बावीस दिरहम, आमटी चांगली. बाबांनी भात चिवडला.

मिरजेत आत्या उशीला टेकून वाटच बघत होती. बाबा कॉटवर बसले. "नाही लागत गं ताई. दोन-दोनदा बघितलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तूही बघितलंस?"

"बघितलं आत्या. काहीच कळत नाही."

"मग अण्णा खरं बोलत होते," म्हणून ती लहान मुलीसारखी रडली आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. त्या पोराचं वाटतं. आजोबांना त्याचं नावही माहीत नव्हतं. त्याच्याही घरी एखादी बहीण असेल, आणि तिला कुणी काय सांगितलं असेल कोण जाणे.