अक्काने अडवलेलं पाणी

माझे थोरले दीर, अय्या, गेले त्याच्या सातव्या दिवशी, दानाला आलेल्या भन्तेंसमोर, घरभर पाहुणे बसलेले असताना, आमच्या युलालिया अक्काने पाणी ओतायला नकार दिला. त्याला आता बरीच वर्षं झाली. पण वेलिगोडात अजूनही एखादी सून सासरच्यांपुढे अडून बसली की बायका म्हणतात, "ही दुसरी युलालिया." या बायकांपैकी एकीलाही अक्काने तसं का केलं ते ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण मी तिची जाऊ. तिच्या नवऱ्याच्या धाकट्या भावाची बायको. एका चुलीपाशी आम्ही दोघींनी जन्म काढला.

दानाच्या शेवटी ताटात एक वाटी ठेवतात. भन्ते गाथा म्हणत असतात आणि घरची माणसं सुरईने त्या वाटीत पाणी ओततात. वाटी भरून ओसंडली की दानाचं पुण्य गेलेल्या माणसाला पोचलं. सुरईला पहिला हात बायकोचा. अंत्यविधीच्या दिवशीही असंच पाणी ओततात, पण तेव्हा अक्का शुद्धीवर नव्हती, म्हणून कुणी काही बोललं नाही. पण सातव्या दिवशी ती चांगली शुद्धीत होती. हात मांडीवर घट्ट धरून बसली आणि म्हणाली, "मी नाही ओतणार."

माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "शेवटी चर्चचीच ना ती." मग अम्माने, म्हणजे आमच्या सासूने, एकटीने सुरई उचलली. निम्मं पाणी चटईवर सांडलं.

अक्का चिलावच्या किनाऱ्यावरची, पिढ्यान् पिढ्या कॅथलिक असलेल्या कोळ्यांच्या घरातली. सुक्या मासळीची टोपली घेऊन ती आमच्याकडच्या बाजाराला यायची, आणि अय्या त्याच मार्गावर सरकारी बस चालवायचे. त्यांचं नाव तिलकसिरी, पण आम्ही सगळे अय्याच म्हणायचो, दादा म्हणावं तसं. कंडक्टर टोपली बघून नाक मुरडायचा. अय्या म्हणायचे, "वास मासळीला येतो, पोरीला नाही. बसू दे पुढे." अशी इंजिनाशेजारी बसून बसून तिने आमचं घर गाठलं.

दोन्हीकडे आभाळ कोसळलं. तिचा भाऊ अनिसेटस तिच्याहून धाकटा, पण बाप समुद्रात गेल्यापासून घरचा कर्ता. मिसरूड फुटलेल्या त्या पोराने अट घातली, "लग्न चर्चमध्येच." अम्माने अट घातली, "नांदायला आल्यावर पौर्णिमेला पांढरं नेसून विहारात आलंच पाहिजे." अय्या आणि अक्का दोघांनी दोन्ही अटी मान्य केल्या आणि आपापल्या पद्धतीने पाळल्या.

पौर्णिमेला अक्का पांढरी साडी नेसून आमच्याबरोबर निघायची, फुलांचं तबक विहाराच्या पायऱ्यांपर्यंत आणायची आणि तिथेच थांबायची, आमच्या सगळ्यांच्या चपला सांभाळत. आम्ही आत पंचशील घ्यायचो, ही बाहेर रोजरीचे मणी ओढायची. रविवारी अय्या तिला मिस्साला न्यायचे आणि चर्चसमोरच्या बदामाखाली पेपर वाचत बसायचे. आत कधी गेले नाहीत आणि एक रविवार चुकवला नाही. फादर बाहेर येऊन म्हणायचे, "तिलकसिरी, आत पंखा आहे हो." अय्या म्हणायचे, "फादर, मला इथे वारा आहे."

मूल झालं नाही, मग तर दोन्हीकडच्यांना आयतंच कारण सापडलं. अम्माने बोधिवृक्षाला पाणी घातलं, किनाऱ्यावर अक्काच्या आईने संत ॲनापुढे मेणबत्त्या लावल्या, आणि दोघींनी एकमेकींच्या श्रद्धेवर खापर फोडलं. "घरात दोन पूजा," अम्मा म्हणायची, "गर्भ बावरणार नाही तर काय?" बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्ती होती, म्हणून येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर तिने अक्काला स्वयंपाकघरात लावायला लावली. धुराने ती पार काळवंडली. मी चेष्टा करायचे, "अक्का, तुझा देव आमच्यासारखा सावळा झाला गं." ती म्हणायची, "बरं झालं. घरचा वाटतो."

तिला बोलणी लागत नसत असं नाही. पण एक गोष्ट तिला खरोखर खात होती. मेल्यावर आपली माणसं भेटतात, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. बुडालेला बाप भेटणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण नवरा? जेवताना मध्येच विचारायची, "अहो, मेल्यावर आपण कुठे भेटायचं?"

अय्या भात कालवत म्हणायचे, "मला काय विचारतेस? डेपोवाले ज्या मार्गावर ड्यूटी लावतील, तिकडे गाडी न्यायची." आम्ही सगळे हसायचो. ती हसायची नाही.

आणि एका दुपारी डेपोतच अय्या कोसळले. डोक्यात रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडली. अनिसेटस किनाऱ्यावरून धावत आला, तसाच, खाऱ्या पाण्याने पांढरे पडलेले पाय घेऊन. खाटेभोवतीचा पडदा ओढून घेत तो अक्काला म्हणाला, "फादर वेळेत पोचायचे नाहीत. तूच बाप्तिस्मा दे. माणूस मरणाच्या दारात असला की कुणीही देऊ शकतं. डोक्यावर पाणी घाल, शब्द तुला पाठ आहेत." मी पडद्याच्या आतच होते, टॉवेल घेऊन. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

अक्काने पेला हातात घेतला. अय्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले. आणि पेला तसाच हातात धरून ठेवला.

"अगं अक्का, घाल ना!" अनिसेटस म्हणाला.

"मल्ली," ती धाकट्या भावाला म्हणाली, "यांनी हो म्हटलेलं नाही रे. इतकी वर्षं बाहेर बसले, एकदा आत ये म्हणून मी ओढलं नाही. आता शुद्ध नाही म्हणून ओढू? झोपलेल्याच्या खिशात हात घातल्यासारखं वाटतं मला."

अनिसेटस संतापाने लाल झाला. "मग बस स्वर्गात एकटी!" म्हणाला आणि निघून गेला. संध्याकाळ व्हायच्या आत अय्या गेले.

सातव्या दिवशी तिने पाणी ओतलं नाही, तेव्हा सगळ्यांना वाटलं, भावाच्या आणि चर्चच्या धाकाने. अनिसेटसलाही तसंच वाटलं. तो कौतुकाने सांगून गेला, "तेवढं तरी बरं केलंस. पुढेही त्या पाण्याला हात लावलास तर आमच्या घरात पाऊल ठेवायचं नाही." इकडे शेजारणी अम्माचे कान भरायच्या आणि माझा नवरा भावजयीशी बोलेनासा झाला. आमचा कुत्रा विहिरीकडे तोंड करून रडायला लागला. अम्माने तर धसकाच घेतला. "माझा तिलक गेलेला नाही," ती म्हणायची. "विहिरीपाशी घुटमळतोय. बायकोने पुण्य दिलं नाही, अडकलाय."

अक्का मला बरोबर घेऊन एकदा फादरकडे गेली. "फादर, हे मला भेटतील?" फादर भले माणूस. म्हणाले, "देवाची दया आपल्याला मोजता येत नाही, मुली. आशा सोडू नको." मग ती भन्तेंकडे गेली, आयुष्यात पहिल्यांदाच पायऱ्या चढून. भन्ते म्हणाले, "कर्माप्रमाणे पुढचा जन्म. कुठे, ते मी कसं सांगू? आणि भेटीची ओढ हेच तर दुःखाचं मूळ आहे, उपासिके." दोघेही विद्वान, दोघेही सज्जन, आणि एकाकडेही पत्ता नाही! मला भन्तेंचा इतका राग आला की पुढच्या पौर्णिमेला मी फुलंसुद्धा नेली नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीला, मी पाणी आणायला मागच्या दारी गेले. विहिरीच्या कठड्यावर अक्का चहाचा कप ठेवत होती. कोरा चहा, बशीत गुळाचा खडा. अय्या कामावरून आले की असाच घ्यायचे.

"हे काय अक्का?"

"अम्मा म्हणतात ना, ते इथेच घुटमळतात म्हणून."

"तू कधीपासून असलं मानायला लागलीस? तुझ्या धर्मात बसतं का हे?"

"नाही बसत." तिने कप जरा आत सरकवला. "पण सोमा, माझ्या धर्मात ते मला भेटतील की नाही, कुणी सांगत नाही. तुमच्या धर्मात पाणी ओतलं की ते पुढे जातात. नवीन आई, नवीन घर. मला ओळखणारही नाहीत. आणि अम्मा म्हणतात, ओतलं नाही तर इथेच राहतात, विहिरीपाशी. मग राहू दे ना गं. भटकायचं तर इथेच भटकू दे. मी आहे ना चहा द्यायला."

मी घागर तशीच ठेवली आणि कठड्यावर बसून रडले. तीही रडली. एवढं सरळ होतं ते, आणि सारं गाव तिला धर्मवेडी म्हणत होतं. मी तिला बोलले नाही, समजावलंही नाही. माझा नवरा गेला असता तर मीही दोन्ही हातांनी वाटी झाकून बसले असते.

तीन महिन्यांचं दान जवळ आलं. आदल्या सकाळी आम्ही दोघी नारळ खोवत होतो. अम्मा भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली. ती सहसा तिथे येत नसे. पाटावर बसली आणि अक्काला म्हणाली, "तू विहिरीवर चहा ठेवतेस. मी पाहिलंय."

अक्काने खोवणं थांबवलं.

"सकाळी कप कसा असतो?"

"भरलेला," अक्का म्हणाली.

"मुंग्या लागलेला?"

"हो."

"त्याला पिता येत नाही, पोरी. अशा जिवाचा घसा सुईच्या नेढ्याएवढा असतो. तू रोज ठेवतेस, तो रोज समोर बसून बघत असेल. तुला वाटतं, मला त्याला घालवायची घाई आहे? मी जन्म दिलाय त्याला. मलाही तो हवाय गं दारात. पण माझं पोर तहानलेलं आहे."

अक्काने खोवलेल्या नारळातून हात काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "अम्मा, उद्या सुरई मला द्या."

"तुझा भाऊ?"

"दार लावील. लावू दे."

दुसऱ्या दिवशी भन्ते जेवले, चिवरं दिली गेली, ताट आलं. ताटात वाटी. अक्का पुढे सरकून बसली. भन्तेंच्या देखत तिने कपाळ, छाती, खांद्यांना बोटं लावून क्रूस केला. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मग तिने सुरई उचलली. अम्माने तिच्या हाताला हात लावला, मी अम्माच्या.

गाथा सुरू झाली. अक्का ओतत होती, पण पाण्याची धार सुताएवढी. तिचं मनगट ताठ झालेलं मला माझ्या हातापर्यंत कळत होतं. गाथा संपली, वाटी अर्धीसुद्धा भरली नव्हती. भन्तेंनी पुन्हा सुरू केली. ती संपली, तिसऱ्यांदा सुरू केली. माझा नवरा पुटपुटला, "वहिनी, जरा लवकर." अम्मा त्याच्यावर खेकसली, "ओतू दे तिला तिच्या हाताने."

वाटी काठोकाठ भरली आणि अक्का थांबली. पाणी काठाच्या वर फुगून उभं होतं, अजून एका थेंबाने गेलं असतं.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "आता टाकलं की गेलेच ना?"

"हो, पोरी."

आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी सगळे एकच मागतात, की त्याला परत यावं लागू नये. रस्त्यावर लावलेल्या पांढऱ्या पताकांवरही तेच लिहिलेलं असतं, निर्वाणसुख लाभो. अक्काने डोळे मिटले, सुरई कलती केली आणि कामावर निघालेल्या माणसाला दारातून म्हणावं तशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

"जाऊन या."

भन्तेंची गाथा मध्येच अडखळली. आता अम्मा काय म्हणेल? प्रत्येक फुलामागे निर्वाण मागितलेली बाई ती. अम्माने अक्काच्या हातावरची पकड आणखी घट्ट केली आणि वाटीकडे बघत म्हणाली, "जाऊन ये रे, पुता. लवकर ये."

पाणी ओसंडून ताटात पडायला लागलं, आणि दोघींपैकी एकीनेही हात मागे घेतला नाही.