टपालाने शिकणारा रब्बीमामा

रब्बीमामा काहीही वाचून दाखवलं की विचारायचा, "तुला पटलं का?" मग ते देवाचं का म्हणणं असेना. अब्राहाम पोटच्या पोराला बळी द्यायला डोंगरावर निघाला, एवढं वाचून तो पुस्तकात बोट ठेवायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. मी म्हणायचे, "नाही पटलं." "का नाही ते सांग. नुसतं नाही म्हणायला बकरीलाही येतं."

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. पिंपरीच्या एका औषध कंपनीत फिटर होता आणि उरलेल्या वेळात रब्बी व्हायला शिकत होता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातून इकडे आलेले मराठी यहुदी. प्रार्थना चालवणारे हजान आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या होते, पण शिकूनसवरून धर्माचा अर्थ लावणारा रब्बी नव्हता. मामाला तो व्हायचं होतं, आणि तेही उदारमतवादी पंथाचा. त्या पंथात बायका पुरुषांच्या शेजारी बसतात आणि प्रार्थनेत त्यांनाही मोजतात. लंडनच्या एका विद्यालयातून त्याला टपालाने धडे यायचे. पातळ निळ्या कागदावरचे ते धडे तो कंपनीच्या बसमध्ये वाचायचा.

"काय रब्बी, द्येव काय म्हणतोय आज?" शेजारी बसणारा निगडीचा फिटर विचारायचा.

"म्हणतोय, शुक्रवारी रब्बीची शिफ्ट तू घे."

आणि तो बिचारा घ्यायचाही, कारण शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागायचा आणि आमची प्रार्थना मामाच्या खोलीत असायची. दहा पुरुष असल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही, मेलेल्यांसाठीची कद्दीश म्हणता येत नाही. पिंपरी-चिंचवडमधले सगळे धरून आमच्याकडे बरोबर दहा होते. दहावा मामा. आम्ही बायका मागे बसायचो. मनुका भिजवून सरबत करणं हे माझं काम. सरबत गाळता गाळता मी मामाकडून हिब्रू शिकले.

पाच वर्षं धडे झाल्यावर पत्र आलं. दोन वर्षं लंडनला येऊन राहा, शिक्षण पूर्ण करा, फी माफ. मामाने ते पत्र आम्हाला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना मधेच थांबला.

"मी गेलो की नऊ उरतात," तो म्हणाला. "ज्यांच्यासाठी शिकायचं, त्यांचीच प्रार्थना मोडून जाऊ?"

मार्ग होता. बायकांना मोजायचं. पण माझे पपा जुन्या वळणाचे आणि आमच्या दहांत त्यांचा शब्द शेवटचा.

"आधी रब्बी होऊन ये, मग सांग बायका मोजायला," पपा म्हणाले.

"भाऊजी, त्या मोजल्याशिवाय मला जाता येत नाही."

"मग नको जाऊस."

पुढच्या शुक्रवारी प्रार्थना सुरू करण्याआधी मामा आमच्याकडे वळला. म्हणाला, "आपल्याला मोजावं असं जिला वाटतं, तिनं उभं राहावं." म्हणताना तो माझ्याकडेच बघत होता. माझं वय सतरा. मी पपांकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, बाकी काही नाही. मी बसून राहिले. मग मामाने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना सुरू केली.

त्यावरून तो मला कधीच बोलला नाही. सरबत पूर्वीसारखंच मागायचा, थट्टाही करायचा. फक्त "पटलं का?" हे त्याने मला पुन्हा विचारलं नाही. मला त्याचा राग यायचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. अजून येतो.

विद्यालयाने वर्षभर वाट पाहिली आणि त्याची जागा दुसऱ्याला दिली. धडे यायचे बंद झाले. पुढे आमच्यातली घरं एकेक करून इस्रायलला निघाली. मामाने स्टेशनावर जाऊन प्रत्येकाचं सामान चढवलं. चार-पाच वर्षांत दहाचे मामा धरून सात राहिले. ज्या दहांसाठी तो राहिला होता ते असेच मोडले, त्याच्या जाण्याची वाट न बघता. पपा एकदा त्याला म्हणाले, "आता जा की." मामा हसला. "आता कोण घेतंय, भाऊजी?"

सेहेचाळिसाव्या वर्षी कंपनीतच त्याच्या छातीत कळ आली. दफन पुण्याला झालं, तिथे माणसं पुष्कळ होती. पण शुक्रवारची प्रार्थना त्याच्याच खोलीत करायची, असं आईने ठरवलं. पुण्याचे दोन नातेवाईक थांबले होते. कंपनीतली माणसं दाराबाहेर चपला काढून, हात जोडून उभी होती. पपांनी आतले पुरुष मोजले. पुन्हा मोजले. आठ होते.

मग माझ्याकडे न बघता पपा म्हणाले, "ऊठ." आणि आईला, "तूही."

आम्ही उठलो. कद्दीश पपांनीच सुरू केली, आणि तिच्या पहिल्याच ओळीत त्यांचा आवाज गेला. पुढची मी म्हटली.

मामाशिवाय दहा भरले. एवढंच त्याला हवं होतं.