अहो-जाहोचा शेजार

शेखेनच्या खोऱ्यात आगाताला सगळे एकेरीच हाक मारायचे. पाद्री, मास्तर, चीजवाला, सगळे. एकोणिसाव्या वर्षी ती झ्युरिकला आली, तलावाकाठच्या एका मोठ्या हॉटेलात चादरींना इस्त्री करायला. पहिल्याच दिवशी तिनं तिथल्या मुख्य बाईला “तू” म्हटलं. बाईनं इस्त्री खाली ठेवली. “इथे अहो-जाहो करायचं. डोंगर तिकडेच ठेवून या तुमचा.”

आगाता शिकली. इतकी पक्की शिकली, की पुढे ट्राम चालवणाऱ्या एग्लीशी तिचं लग्न झालं तेव्हा तो म्हणायचा, “ही जिन्यातल्या मांजरालासुद्धा ‘तुम्ही’ म्हणेल.”

त्यांच्या समोरच्या दारावर ‘ए. केगी’ अशी पाटी होती. केगीसाहेब छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. एकटेच होते. एकाहत्तर साली देशात बायकांना मताचा हक्क मिळाला, त्या आठवड्यात जिन्यात त्यांनी हॅट काढली. “अभिनंदन, एग्लीबाई.” घरात नवरा म्हणाला होता, “मत कुणाला द्यायचं ते मी सांगेन.” अभिनंदन कुणी केलं नव्हतं. आगाता लाजून नुसतीच हसली होती.

एग्ली गेला. मूलबाळ नव्हतं. खोऱ्यातली भावंडंही एकेक करून गेली, आणि एका थंडीत आगाताच्या ध्यानात आलं, की आता आपल्याला ‘तू’ म्हणणारं माणूस या जगात उरलेलं नाही. दुकानात तुम्ही, दवाखान्यात तुम्ही, चर्चच्या पायरीवर तुम्ही. सगळे अदबीनं वागायचे. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही.

केगीसाहेब होते. इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची पाळी तिची असली, की त्यांनी आदल्या दिवशी वाळत घालायच्या दोऱ्या पुसून ठेवलेल्या असत. रविवारी ती वेणीसारखा गुंफलेला पाव करायची आणि अर्धा फडक्यात बांधून त्यांच्या दाराच्या मुठीला अडकवायची. दुपारी फडकं घडी होऊन परत यायचं. “आभारी आहे, एग्लीबाई.” “त्यात काय, केगीसाहेब.” वर्षानुवर्षं एवढंच.

एकेरीवर यायची रीत ठरलेली होती. आधी बाईनं म्हणायचं, पुरुषानं नाही. ग्लासाला ग्लास लावून आपलं नाव सांगायचं, की त्यानंतर जन्मभर तू. म्हणजे ते तिच्याच हातात होतं. कितीदा तिनं ठरवलं. पण जिन्यात ते समोर आले, की तोंडून हवापाण्याचंच काहीतरी निघून जायचं.

मग केगीसाहेब घसरून पडले आणि कमरेचं हाड मोडलं. इस्पितळातून ते परस्पर श्टेफाच्या वृद्धाश्रमात गेले. समोरच्या दारावर दुसरी पाटी लागली.

मे महिन्यात आगातानं चांगला कोट चढवला, तलावाकाठच्याच मळ्यांतली पांढरी वाईन घेतली आणि श्टेफाची बोट पकडली. आज म्हणायचंच.

केगीसाहेब खालच्या दिवाणखान्यात पत्ते खेळत होते. अंगानं भरले होते. शेजारी लाल स्वेटरमधली एक बाई त्यांच्या पाठीत थाप मारून ओरडत होती, “अरे आल्बान, झोपलास का? टाक की पान!”

आल्बान. ‘ए’ म्हणजे आल्बान.

ते धडपडत उठले. “एग्लीबाई! तुम्ही! इतक्या लांब आलात?”

“ये गं, बस,” लाल स्वेटरवाली म्हणाली. “मी रोझली. तुझं नाव काय? इथे पहिल्या दिवसापासून सगळे अरे-तुरेवर. मरायला टेकलो आपण, आता कसलं अहो-जाहो!”

आगातानं तोंड उघडलं. पण ती काही बोलायच्या आधीच केगीसाहेबांनी हात वर केला. “नाही हं, रोझली. यांच्याशी तसं नको. एग्लीबाईंना नाही आवडत ते. इतकी वर्षं समोरासमोर राहिलो, पण त्यांनी आपला आब सोडला नाही आणि मीही कधी मोडला नाही.” किती अभिमानानं म्हणाले ते!

“अय्या, माफ करा हं बाई,” रोझली म्हणाली आणि खुर्ची जरा मागे सरकवून बसली.

‘नाही, मला आवडेल,’ एवढंच म्हणायचं होतं. चार माणसं पत्ते हातात धरून तिच्याकडे बघत होती. आगाता म्हणाली, “तुमची तब्येत बरी दिसते, केगीसाहेब.”

कॉफी झाली. बाटली रोझलीनं फ्रिजमध्ये ठेवली, संध्याकाळच्या डावाला होईल म्हणून. केगीसाहेब काठी टेकत दारापर्यंत पोचवायला आले. “पावाची फार आठवण येते,” ते म्हणाले. “इथला बेकरीचा असतो.”

“आणीन,” ती म्हणाली. “काळजी घ्या.”

परतीच्या बोटीवर गर्दी आत होती. आगाता बाहेर कठड्याशी उभी राहिली. काठावरची श्रीमंत घरं, त्यांचे होड्यांचे धक्के, कापलेली हिरवळ मागे जात होती. इंजिनाचा आवाज मोठा होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणून बघितलं, “आल्बान. कसा आहेस तू?”

मागून तिकीट तपासनीस येत होता. तो थांबला. “मला काही म्हणालात का?”

“नाही हो,” आगाता म्हणाली आणि पर्समधलं तिकीट काढून त्याच्यापुढे धरलं.