बिनआरशाचा कॅमेरा आणि आमचे मामेसासरे

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात गेल्या तीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्या नवराबायकांच्या माना आमच्या मामेसासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी वाकवलेल्या आहेत, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. ठाकुर्लीला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. "हनुवटी दोन बोटं खाली, खांदा तिरका, आणि आता श्वास सोडा," हे वाक्य ते नवरीला, नगरसेवकाला आणि आधार कार्डासाठी आलेल्या आजोबांना एकाच सुरात ऐकवतात. एकदा सिग्नल तोडला म्हणून हवालदारानं त्यांची स्कूटर अडवली, तर दंडाची पावती फाडायच्या आत मामांनी त्यालाच हे वाक्य ऐकवलं. हवालदारानं खरोखर श्वास सोडला म्हणे, आणि मग हसून त्यांनाही सोडलं. माझ्या स्वतःच्या लग्नात अंतरपाट खाली आला त्याच क्षणी समोरून कोणीतरी अक्षता उधळल्या आणि नेमक्या भिंगावर बसल्या. मामा ओरडले, "पुन्हा धरा!" गुरुजींनी मुकाट्यानं शेवटचं मंगलाष्टक दुसऱ्यांदा म्हटलं. दुसऱ्या वेळी मी डोळे मिटले, म्हणून तिसऱ्यांदा. त्यामुळे आमचं लग्न मोडणं शक्यच नाही, ते तीनदा लागलंय, असं माझी बायको सांगते.

त्यांच्या खिशात पेनाच्या जागी धूळ उडवायचा रबरी फुगा असतो. कॅमेऱ्यावर धूळ नसेल तर ते तो दुसऱ्यांवर वापरतात. मी बोलत असताना माझ्या नाकावरच्या चष्म्यावर त्यांनी कितीदा तरी फूस केलंय, आणि वर "हं, आता बोला जावईबापू" असं म्हणून जणू माझे विचारच स्वच्छ करून दिलेत. जेवायला बसताना ते आधी खिडकी कुठे आहे ते बघतात आणि मग पाटपाणी हलवतात. आमटीवर उजेड डावीकडूनच पडला पाहिजे. मामी इतक्या वर्षांत त्याला सरावल्यात. पाहुण्यांना त्या शांतपणे सांगतात, "थांबा हं, यांचं लायटिंग झालं की वाढते."

पण या सगळ्या लहरी एकीकडे आणि कॅमेऱ्याचं प्रकरण एकीकडे. मामांचा कॅमेरा डीएसएलआर. त्याच्या पोटात एक आरसा असतो. भिंगातून आलेला उजेड त्या आरशावरून उसळून डोळ्यापर्यंत येतो, आणि बटण दाबलं की आरसा वर उडून खटॅक असा आवाज होतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत हा आरसाच नाही. डोळा लावला की आत एक चिमुकला पडदा दिसतो. त्याला मामा टीव्ही म्हणायचे. "मी नवरीकडे बघायचं, की नवरीच्या टीव्हीकडे?" हा त्यांचा सवाल. तरी धंद्यातले सगळे एकेक करून बदलले तेव्हा मामांनीही विचार करायला घेतला, आणि तो विचार तीन वर्षं चालला. त्यासाठी एक दोनशे पानी वही केलेली. डाव्या पानावर 'आरसा', उजव्या पानावर 'बिनआरसा'. महिन्यातून एका शनिवारी ते मला घेऊन ठाण्याच्या एका दुकानात जायचे. कॅमेऱ्याची तिपाई उचलायला जावयासारखा माणूस नाही, असं त्यांचं मत होतं. वास्तविक दुकानात तिपाई कशाला लागते हे मला आजवर कळलेलं नाही. तिथला विक्रेता आम्हाला बघताच चहा सांगायचा आणि तेच पाठांतर पुन्हा सुरू करायचा.

"काका, हा कॅमेरा माणसाचा डोळा आपोआप शोधतो. फोकस चुकूच शकत नाही."

"नवरीचा डोळा शोधायला मला तीस वर्षांत मशीन लागलं नाही," मामा म्हणायचे. कारण जुन्या कॅमेऱ्यातला आपोआप फोकसही ते बंदच ठेवत. फोकस हातानं. भिंगाची कडी फिरवायची आणि मनाला पटलं की दाबायचं.

त्यांची मुलगी रेवती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. तिला हे असह्य व्हायचं. "बाबा, क्लायंट विचारतात अहो, कुठला कॅमेरा वापरता म्हणून. मी काय सांगू, विचार चालू आहे?"

"सांग, अनुभव वापरतो," मामा म्हणायचे.

मधल्या काळात मामांना काहीतरी होत होतं, हे आम्हाला कळायला हवं होतं. नाक्यावरच्या वाढदिवसाच्या बॅनरमधल्या माणसाला त्यांनी दोनदा नमस्कार केला. भिंग बिघडलंय म्हणून ते तीन वेळा दुरुस्तीला टाकून आले, आणि तिन्ही वेळा कारागिरानं "भिंग ठणठणीत आहे" म्हणून परत दिलं. मामांनी कारागीर बदलला. आम्ही हसलो, नेहमीसारखे.

मग कल्याणजवळच्या मोहने गावातलं ते लग्न आलं. बौद्ध पद्धतीचं, साधं, देखणं. नवरी पांढऱ्या साडीत. तिचे आजोबा जन्मभर कारखान्यात राबलेले, अत्यंत कडक चेहऱ्याचा माणूस. घरच्यांनी आधीच सांगून ठेवलेलं की आप्पा फोटोत हसत नाहीत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मामांनी हनुवटी, खांदा, श्वास, सगळं करून पाहिलं. आप्पा ढिम्म. पण वंदना झाली, नात पाया पडायला वाकली आणि त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली, तसे आप्पा एकाएकी तोंड उघडून खळखळून हसले. मामा त्या वेळी बरोबर समोर होते. खटॅक. एकच फोटो मिळाला, पुढच्या क्षणाला आप्पा पुन्हा पूर्ववत. मामा मला म्हणाले, "जावईबापू, आज दिवस सार्थकी लागला."

दोन महिन्यांनी आप्पा गेले. त्यांचा मुलगा स्टुडिओत आला. जय भीम करून बसला आणि म्हणाला, "आप्पांचा तो हसरा फोटो मोठा करून द्या. आईला तोच पाहिजे. दुसरा हसताना एकपण नाही आमच्याकडं."

मामांनी फोटो मोठा केला. मी तिथेच होतो. त्यांनी तो खिडकीशी नेला, मग जवळ, मग लांब, मग भिंग लावून पाहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आप्पांच्या मागे सोफा होता ना, त्याच्यावरची नक्षी बघा. एकेक धागा मोजून घ्या." आप्पांचा चेहरा मात्र धुक्यात असावा तसा. मी म्हटलं, "मामा, लांबून कळत नाही." ते म्हणाले, "त्या बाई लांबून बघणार आहेत का?"

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा कबूल केलं. दीड वर्षापासून उजव्या डोळ्यानं अंधूक दिसत होतं. अंदाजानं कडी फिरवत होते. "मला वाटलं, हाताला सवय आहे," ते म्हणाले. ज्यांनी मला तीनदा लग्न लावायला लावलं, त्या माणसाचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

रेवती दारात उभी होती. ती आत गेली, लॅपटॉप घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवला. पडद्यावर आप्पा हसत होते. पापण्यांचे केस मोजता येतील इतके स्पष्ट, डोळ्यांत पाणी, आणि बाजूला मामांचा अर्धा खांदा.

"हा कोणी काढलेला?"

"मी. तुमच्या मागे उभी होते."

"कशानं?"

"मिररलेसनं. मैत्रिणीकडनं आणते मी. वर्ष झालं. आवाज बंद ठेवला की ऐकूच येत नाही."

"आणि अल्बममध्ये?"

रेवती म्हणाली, "जिथे तुमचा हलला असेल तिथे माझा लावते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. हा लावणार होते, पण तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, हा माझा सगळ्यात भारी फोटो म्हणून. मग नाही लावला."

आता काय होणार म्हणून मी तिपाईचा आधार घेतला. मामांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि आप्पांकडे एकटक पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "खांदा कापायला हवा होतास माझा. बाकी काही चूक नाही."

फोटो द्यायला आम्ही तिघं मोहन्याला गेलो. आजींनी तो मांडीवर घेतला, काचेवरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "या बाई या, बघा तुमचा बाबा, दात काढतोय म्हाताऱ्या वयात." लेकी-सुना एकदम हसल्या आणि एकदम रडल्या. मुलगा मामांचे हात धरून आभार मानायला लागला, तेव्हा मामांनी हात सोडवून घेतले आणि रेवतीला पुढे केलं. "माझा चुकला होता. हा हिनं काढलाय." आजींनी रेवतीची अलाबला घेतली, बोटं कडाकड मोडली.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन. डॉक्टरांनी डोळ्यात बसवायच्या भिंगांचे प्रकार सांगितले. एक फक्त लांबचं दाखवणारं, दुसरं लांबचं-जवळचं दोन्ही. आम्हाला वाटलं, आता पुन्हा वही निघणार आणि मामा तीन वर्षं एका डोळ्यानं हिंडणार. पण त्यांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला. "प्राइम बसवा, एकाच अंतराचं भिंग. झूमनं क्वालिटी जाते." पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी मामींकडे पाहिलं. मामींनी घाईघाईनं पदर सारखा केला आणि, मी खरं सांगतो, हनुवटी दोन बोटं खाली घेतली.

कॅमेराही आला. विक्रेत्यानं पाठांतराला सुरुवात केली तशी मामा म्हणाले, "मला नको, हिला सांग." रेवतीनं दहा मिनिटांत निवडला. मामांनीही तो शिकून घेतला, टीव्हीसकट. फक्त आवाज येत नाही म्हणून लोक श्वास सोडत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. त्यामुळे ते आता बटण दाबताना तोंडानंच खटॅक म्हणतात.

गेल्या वर्षी रेवतीनं ठाण्यात स्वतःचा स्टुडिओ काढला. मामा ठाकुर्लीतच आहेत. परवा सहज डोकावलो, तेव्हा एक जण लग्नाची चौकशी करत होता. मामांनी त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं, तारीख विचारली, हॉलमध्ये खिडक्या किती तेही विचारलं. मग कपाटातून एक कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. "इथे फोन करा. माझी मुलगी आहे. माझ्यापेक्षा चांगलं काढते."

तो गेल्यावर ते उठले, काउंटर पुसला आणि खुर्ची उचलून रस्त्याच्या बाजूला, उजेडात ठेवली. "बसा जावईबापू," म्हणाले, "आज कोणी येणार नाही."