खोल पाण्यातला ढग

आमच्या तलावावर त्याला सगळे मासा म्हणत. जीवरक्षक म्हणून तो कामाला लागला तेव्हाच कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की साहेबांनी खऱ्या नावानं हाक मारली तर तोच मागे वळून बघायचा, कुणाला बोलावताहेत म्हणून.

मी पाठदुखीसाठी पोहायला जायचो. तलाव बंदिस्त, वर काचेचं छत, पाणी कोमट. हिवाळ्यात सकाळी आत पाऊल टाकलं की वाफेत समोरची भिंतही दिसायची नाही. आधी माशाची शीळ ऐकू यायची, मग तो स्वतः ओल्या अंगानं वाफेतून बाहेर यायचा. आमच्या आधी एक फेरी मारायचा त्याचा शिरस्ता होता. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पाण्याची चव बघतोय."

मग एका हिवाळ्यात शीळ बंद झाली. मासा पाण्यात उतरेना. पूर्ण विजार घालून उंच खुर्चीवर बसायचा आणि सारखा खोल बाजूकडे बघत राहायचा. तिथं कुणी पोहत नसतानाही. त्याची ती नजर बघून आम्हीच कडेकडेनं पोहायला लागलो होतो. कारण विचाराल तर एकालाही सांगता आलं नसतं.

खरं काय ते मला फार नंतर, त्याच्याच तोंडून कळलं.

मासा पस्तिशीचा, बिनलग्नाचा. थोरल्या बहिणीकडे, ताईकडे राहायचा. तलावासमोरच्या गल्लीत कपडे दुरुस्त करून देणारी एक बाई होती, तिच्याशी त्याचं काही महिने जमलं होतं. एके दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, "मला संसर्ग झालाय. अशा संबंधातून होतो तो. कुणाकडून आला, कधी आला, ते भांडण आपण नंतर करू. तू आजच जाऊन तपासून घे. लाजत बसू नकोस."

माशाला दोन दिवसांपासून लघवीला आग होत होती, पिवळट स्रावही दिसला होता. तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितलं, "परमा आहे, गनोरिया. बरा होतो." इंजेक्शन झालं, गोळ्या झाल्या. स्राव थांबला. सांगितल्याप्रमाणे पुन्हा तपासणी केली, ती स्वच्छ आली. शिवणवालीचीही स्वच्छ आली. तिनं "सुटलो बाबा एकदाचे" असा निरोप पाठवला.

मासा मात्र सुटला नव्हता.

आग पूर्वीसारखी नव्हती. एखादा गरम दोरा आत ओवून ठेवावा तसं काहीतरी. कधी असायचं, कधी नसायचं. आणि नसायचं तेव्हा जास्त भीती वाटायची. "ते दबा धरून बसलंय असं वाटायचं," तो मला म्हणाला. "मी दुसऱ्या कशात तरी रमलो, हसलो, की ते हलायचं. जणू त्याला आवडायचं नाही."

तो मोरीत कडी लावून स्वतःला तपासू लागला. दाबून, पिळून बघायचा, एखादा थेंब येतो का. आला की पुन्हा पिळून बघायचा. नाही आला तर वाटायचं, आत लपलाय. मग त्यानं जंतुनाशकाची बाटली आणली आणि त्या पाण्यानं धुवायला सुरुवात केली. भयंकर झोंबायचं. पण झोंबलं की बरं वाटायचं. जळतंय म्हणजे मरतंय, असा त्याचा हिशेब.

घरात त्यानं टॉवेल वेगळा केला, कप वेगळा केला. आंघोळीनंतर मोरी घासून काढायचा. ताई आधी खूश झाली. मग म्हणाली, "अरे, घर आहे का ऑपरेशन थिएटर? माझ्या नाकातले केस जळाले त्या वासानं."

"सवय चांगली आहे," मासा म्हणाला.

"चांगली आहे तर तोंड का असं झालंय तुझं? कुणी गेलं का?"

त्यानं विषय टाळला. शिवणवालीचे फोनही घेणं त्यानं बंद केलं होतं. दुपारी फोनवर या रोगाबद्दल वाचत बसायचा. वाचलेलं एकेक अंगावर उमटायचं. सांधे धरतात असं वाचलं, त्याच दिवशी गुडघा धरला. घसा वाचला, घसा खवखवला. मग वाचलं की हा रोग डोळ्यांतही जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी तलावावर टपालवाले आजोबा त्याच्या खुर्चीखाली येऊन उभे राहिले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, रोज खोल बाजूला पाठीवर तरंगत पडणारे गृहस्थ. म्हणाले, "मासोबा, बघा हो जरा, डोळ्यात काही गेलंय का?"

डोळे लालभडक होते.

माशाला आठवलं. हा संसर्ग व्हायच्या सुमारास, काहीच माहीत नसताना, तो रोज याच पाण्यात उतरत होता. खोल बाजूलाच सूर मारायचा. आजोबा तिथंच तरंगायचे.

त्याच सकाळी त्याला तो ढग पहिल्यांदा दिसला. तळाशी, पाणी ओढून घेणाऱ्या जाळीजवळ, पांढुरका, मऊ काठांचा. दूध सांडल्यासारखा, पण न विरघळणारा. मासा टक लावून बघत राहिला. ढग जरासा फुगला, जरासा आक्रसला.

पाण्यात क्लोरीनची पावडर घालायचं काम माशाकडेच होतं. दुसऱ्या दिवशी तलाव उघडायच्या आधी त्यानं नेहमीची पावडर घातली आणि खोल बाजूला वरून आणखी एक मोठं माप ओतलं. ढग दिसेनासा झाला. दुपारपर्यंत परत आला, आणि मोठा होऊन आला.

त्या आठवड्यात माझेही डोळे लाल झाले. मग रोज पोहायला येणाऱ्या जुळ्या बहिणींचे झाले, मग वकीलबाईंचे. आम्ही आपसात हसायचो, "रात्री काय उद्योग करता?" म्हणायचो. हे हसणं खुर्चीवर ऐकू जायचं. मासा एकेकाच्या डोळ्यांकडे बघायचा. त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती. ते आता त्याच्या अंगात मावत नव्हतं. पाण्यात उतरलं होतं आणि एकेकाला शोधत होतं.

तो आणखी पावडर ओतत राहिला. डोळे आणखी लाल होत राहिले. ढग आता जाळीपाशी थांबत नव्हता. कुणी पोहत गेलं की त्याच्या मागोमाग थोडा सरकायचा, आणि माणूस थांबला की थांबायचा. सकाळी एकटा असताना माशाला पाइपांतून आवाज यायचा. घशात पाणी धरून कुणीतरी हळू बोलावं तसा. बोलणं कळायचं नाही, पण आपल्याबद्दलच चाललंय, एवढं मात्र कळायचं.

मग तो दिवस आला. त्या दिवशी मी तिथं होतो. वाफ नेहमीपेक्षा दाट होती, घशाला टोचत होती. आजोबा पाठीवर तरंगत होते. एकदम खोकला सुरू झाला तो थांबेना. ते पालथे झाले, तोंडात पाणी गेलं. आम्ही माशाकडे पाहिलं. मासा खुर्चीवरून उतरून काठावर उभा होता आणि पाण्याकडे बघत होता. आजोबांच्या बरोबर खाली तो ढग होता, असं तो नंतर म्हणाला. मी तेव्हा खाली पाहिलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. फार नसेल. आम्हाला मात्र तो युगासारखा वाटला. मग मासा विजारीसकट पाण्यात गेला. डोळे मिटून. आजोबांना काखेत धरून काठाला आणलं. दारं उघडली, मोकळ्या हवेत आजोबांना बसवलं, गाडी आली, ते दवाखान्यात गेले. मासा तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिला आणि स्वतःच्या हातांचा वास घेत राहिला.

तलाव बंद झाला. पंपाच्या खोलीत काम करणारे काका होते, तोंडानं फटकळ, मनानं चांगले. त्यांनी पाणी तपासलं आणि वर येऊन माशासमोर उकिडवे बसले.

"पावडर किती घालत होतास रे?"

मासा पुन्हा हात हुंगू लागला.

"मी पंपवाला आहे, आंधळा नाही. एवढी पावडर घातली तर पाणी दुधासारखंच होणार. माणसं धुवायला काढलीस का?"

"काका, खाली ढग होता."

"तुझ्याच पावडरचा साका तो! वर ओततोस, खाली बसतो, जाळी ओढते तसा हलतो. डोळेही त्यानंच चुरचुरतात."

"पहिल्या दिवशी मी जास्त घातली नव्हती," मासा म्हणाला. "पहिल्या दिवशी कुठून आला?"

काकांनी एकदा खोल बाजूकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते मला नाही सांगता यायचं. पण तुला काय झालंय ते तू सांग." आणि माशानं तिथं, फरशीवर बसूनच, सगळं सांगून टाकलं. काका ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "गाढवा, डॉक्टर काय फक्त एकदाच भेटतात का?"

पंपकाकांनी त्याला एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाहेरच्या बाकावर बसून मासा तीनदा उठला, तीनदा बसला. आत गेल्यावर मात्र बाईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवून सगळं ऐकून घेतलं. पुन्हा तपासण्या केल्या. परम्याच्या केल्या आणि तशीच लक्षणं देणाऱ्या दुसऱ्या जंतूंच्याही. "उपचारानंतर त्रास राहिला तर परत यायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. "कधी दुसरा जंतू सोबत असतो, कधी जोडीदाराचे उपचार राहिलेले असतात. घरी बसून ते ओळखता येत नाही."

सगळं स्वच्छ आलं.

"मग हे काय आहे?" माशानं विचारलं. त्याला आनंद झालाच नाही. जंतू सापडला असता तर बरं, असं वाटलं. निदान त्याला नाव असतं.

"दाबून बघता का?"

माशानं मान डोलावली.

"रोज?"

"दिवसातून बऱ्याचदा."

"कशानं धुता?"

त्यानं बाटलीचं नाव सांगितलं. बाईंनी डोळे क्षणभर मिटून घेतले. म्हणाल्या, "ते फरशीसाठी असतं हो. नाजूक कातडी आहे ती. रोज पिळली, रोज भाजली, तर आग होणार नाही तर काय होणार? आणि पिळून काढलेला पाण्यासारखा थेंब कुठल्याही निरोगी पुरुषाला दिसेल. शिवाय भीतीनं तुम्ही ओटीपोटाखालचे स्नायू सारखे आवळून धरताय. आत्ताही धरलेत. सोडा बघू."

माशानं सोडायचा प्रयत्न केला. तेव्हा त्याला कळलं, की कित्येक आठवड्यांत त्यानं ते सोडलेच नव्हते.

"आणि तलावातली माणसं?"

"तलावाच्या पाण्यातून हा रोग लागत नाही. कपातून लागत नाही, टॉवेलातून येत नाही. बाटली फेकून द्या. साधं पाणी. स्नायू सैल करायचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे जा. आणि धीर धरा, एका दिवसात जाणार नाही. मधूनमधून परत येईल. आलं म्हणजे रोग आला असं नाही."

माशाच्या हातून पावडरचं काम काढून घेतलं गेलं, समजही मिळाली. नोकरी वाचली, कारण आजोबांनी तक्रार करायला नकार दिला. मासा त्यांना भेटायला गेला तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. मासा माफी मागू लागला तर म्हणाले, "मला तर वाटलं, हे म्हातारपणच आलं. तुमच्यामुळे निदान कारण तरी मिळालं." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "पण मासोबा, ते खाली पांढरं काय होतं हो? मला पाठीवर पडल्यावरसुद्धा समजायचं, खाली आहे म्हणून. डोळे लाल व्हायच्या आधीपासून."

माशानं पावडरचं सांगितलं. आजोबांनी मान हलवली. पण दोघांनाही ते पुरतं पटलं नाही.

तलावाचं पाणी पूर्ण काढावं लागलं. घासायला मासा स्वतःहून उतरला. रिकाम्या तलावात आपलाच श्वास चारी भिंतींवरून परत येत होता. उतार उतरत तो खोल टोकाला, जाळीपाशी गेला. फरशांवर पांढरी पूड वाळून बसली होती, बोटानं निघत होती. तेवढ्यात तो गरम दोरा आत हलला. मासा ब्रश हातात धरून उभा राहिला. आवळलं नाही, सैल सोडलं, व्यायामाच्या बाईंनी शिकवल्यासारखं पोटातून श्वास घेत राहिला. जाळीखालच्या पाइपात काहीतरी गुळगुळलं. तो वाट बघत राहिला. आग वाढली, थांबली, मग हळूहळू उतरली. त्यानं घासायला घेतलं.

त्या संध्याकाळी त्यानं ताईला सगळं सांगितलं. ताई आधी रडली, मग चिडली, मग त्याचा वेगळा काढलेला कप उचलून इतर कपांत मिसळून टाकला. "आता शोध कुठला तुझा," म्हणाली.

शिवणवालीलाही त्यानं फोन केला. तिनं ऐकून घेतलं. "मलापण व्हायचं तसं," ती म्हणाली. "मला वास यायचा. दुकानात गिऱ्हाइकानं नाक खाजवलं तरी वाटायचं, त्यालाही आला. दोनदा तपासून आले."

"मग गेलं कसं?"

"गेलं कधी ते कळलंच नाही. एक दिवस आठवण झाली, की बरेच दिवस आठवलंच नव्हतं." मग म्हणाली, "तू तेव्हा फोन उचलायला हवा होतास. दोघं मिळून घाबरलो असतो."

त्यांचं पुन्हा जमलं नाही. तिचा राग रास्त होता आणि तो गेला नाही. पण कपडे दुरुस्तीला मासा अजूनही तिच्याकडेच टाकतो, आणि ती त्याच्याकडून एक पैसाही कमी घेत नाही.

आता मासा पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना पोहायला शिकवतो. तो त्यांना घाई करत नाही. थंडीत कधी त्याची आग परत येते, दोन-चार दिवस राहते, जाते. तेवढे दिवस तो जरा कमी बोलतो. मागच्या आठवड्यात एक नवी विद्यार्थिनी खोल बाजूला जायला तयार होईना. म्हणाली, "खाली काहीतरी आहे असं वाटतं."

मी शेजारीच होतो. मला वाटलं, मासा हसण्यावारी नेईल. तो म्हणाला, "वाटतं खरं. माझ्या हाताला धरा, आपण बघून येऊ." आणि दोघं श्वास भरून खाली गेली.