दुर्सुनदाजींचा सांडवा

दुर्सुनदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, गुलिझारचा नवरा. सेंटरिंगचा मिस्त्री. काँक्रीट ओतण्याआधी फळ्या ठोकून साचा करायचा, हेच काम जन्मभर. माणूस घुमा आणि हट्टी. जेवणात मीठ नसलं तरी मागणार नाही, तसंच गिळेल. ताई म्हणायची, भिंतीशी संसार केलाय मी.

भूकंपात तिच्यावर खरीच भिंत पडली. दाजींनी हातांनी ढिगारा उपसून तिला बाहेर काढलं. इस्पितळात कशीबशी थंडी सरेपर्यंत टिकली.

तोवर आमच्या धरणाचं पाणी सोडून दिलं होतं. सांडवाच तडकला, मग जास्तीचं पाणी जाणार कुठून? धरण रिकामं झालं आणि त्यात बुडालेलं जुनं गाव चिखलातून वर आलं, कबरस्तानासकट. ताईनं मरताना एकच मागितलं होतं, मला तिथं आईच्या कबरीशेजारी ठेवा. सगळे म्हणाले, हे धरण आता परत कोण भरतंय! इमामसाहेबही तेच म्हणाले. ठेवलं तिला तिथं. आमची अक्कल कुठं चरायला गेली होती, देव जाणे.

सांडव्याच्या भेगा बुजवून भागेना, तेव्हा तो पाडून नवा बांधायचं ठरलं. खाली जर्दाळूच्या बागा वाळत होत्या, माझीही. आणि दाजींनी तिथलंच काम मागून घेतलं! माझं डोकं फिरलं. बायकोला बुडवायला फळ्या ठोकतोय हा माणूस?

पाणी अडवण्याआधी कबरी हलवायची परवानगी आली. मी तडक सांडव्याच्या कामावर गेले आणि चारचौघांत म्हटलं, "दाजी, उद्या माणसं घेऊन चला. ताईला वर आणू."

दाजींनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "नाही."

"बुडेल ती."

"एकदा उकरून काढलंय तिला, झेलिहा. किंचाळत होती. परत नाही उकरायचं."

"मग हे काम तरी कशाला करताय?"

"तुझी झाडं मरू देऊ? अर्धी तिनंच लावलीत."

मी बोलणं टाकलं त्यांच्याशी. सांडवा झाला, धरण भरलं, पाटाला पाणी आलं. झाडांना पाणी देताना मी रडत होते आणि दाजींना शिव्याही घालत होते.

ईदेच्या आदल्या दिवशी आम्ही कबरींवर पाणी ओततो, आपली माणसं तहानलेली राहू नयेत म्हणून. त्या सकाळी दाजी भरलेला लोटा घेऊन माझ्या दारात उभे. दरवर्षी ताई आणि ते मला घेऊन वरच्या नव्या कबरस्तानात जायचे, तसेच सवयीनं निघाले असणार.

"कुणासाठी आणलंय?" मी खवटपणे विचारलं.

त्यांनी लोट्याकडे पाहिलं. मग तो माझ्या हातात दिला.

"तुझ्या सासूच्या कबरीवर ओत. गुलिझारला आता पाणी कमी नाही."

ते धरणाच्या रस्त्यानं गेले.